गेन्सुके घरी जातो

विनय,

आज सकाळी आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी तुझा तो फोटो टाकला. अंगात सामुराईचं चिलखत, पाठीवर निशाण आणि हातात समोसा. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ऑफिसात होतो, मीटिंग चालू होती, आणि मी मोठ्याने हसलो. शेजारची बाई दचकली. तिला काय सांगणार? माझा मित्र गेलाय आणि त्याच्या चिलखतावर चिंचेची चटणी सांडली आहे, असं?

तुला निरोप दिल्यापासून लोक म्हणताहेत, विनयवर चार ओळी लिही. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, हॉस्पिटलच्या आयटीत काय काय केलंस, ते बाकीचे लिहितील. मला तुझ्याशीच बोलायचंय. तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल बोलायची मला सवय नाही. जे बोललो ते तोंडावर, आणि बऱ्याचदा ओरडून.

आपली पहिली भेटच बघ ना. चर्चच्या मागचा हॉल, हीटर बंद पडलेला, दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग, सगळे कोट घालून बसलेले. आपले कायमचे अध्यक्ष देशपांडेकाका विचारत होते, यंदा नाटक कोणतं. मागच्या खुर्चीवरून एक हात वर गेला. नागपूरचा नवीन मेंबर, एवढंच तेव्हा तुझ्याबद्दल माहीत होतं.

"सामुराईवर करू या. मी लिहितो."

देशपांडेकाकांनी चष्मा काढून तुझ्याकडे पाहिलं. "अहो, आपल्याकडचे मावळे संपले का?"

"मावळ्यांवर सगळेच करतात, काका. आणि मला राजावर नाही करायचं. त्याच्या पदरी असलेल्या एका साध्या माणसावर करायचंय. आपल्यासारख्या."

"आपल्यासारख्या म्हणजे?"

"म्हणजे ज्याला सकाळी उठून कामावर जावं लागतं."

सगळे हसले आणि हसता हसता तुला होकार मिळाला. मी कॉलेजात नाटकं केलेली, म्हणून दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं. घरी जाताना ट्रॅममध्ये मी बायकोला फोन करून सांगितलं, एक वेडा भेटलाय. त्या वेड्याशी माझं पुढे इतकं जमेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी उतरून चालत गेलो असतो.

तुझ्या नाटकाचा नायक गेन्सुके हा तू वाचलेल्या अनेक माणसांमधून घडवलेला एक माणूस. नॉटिंगहॅममध्ये विद्यार्थी म्हणून आलास तेव्हाचा पहिला हिवाळा, कुणाशी ओळख नाही, चॅरिटी शॉपमध्ये जपानी लढायांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि तू त्यात शिरलास तो बाहेर आलाच नाहीस. पण तुला तलवारीत रस नव्हता. मी पहिल्या तालमीला तलवारबाजीचा विषय काढला तर तू चक्क कंटाळलास.

"अरे, लढाई म्हणजे बहुतेक चालणं आणि वाट बघणं. गेन्सुके शेतकरीच आहे थोडाफार. धन्याने जमिनीचा तुकडा दिलाय, त्याच्या बदल्यात शंख वाजला की भाला घेऊन हजर व्हायचं. चिलखत स्वतःचं. पावसात वर गवताचा झगा. पाठीवर धन्याचं निशाण बांधलेलं, म्हणजे धुरात कोण कुणाचा ते कळावं. तहान लागली तर खारवलेलं आलुबुखार नुसतं बघायचं, तोंडाला पाणी सुटतं. आणि पोट बिघडलं तर चालत राहायचं."

"हे सगळं नाटकात घालणार आहेस?"

"पोट बिघडलेलं नक्की घालणार."

आणि ती अळूची दोरी! त्या लोकांनी अळूची देठं वाळवून, त्यांचा दोर वळून, सोयाबीनच्या आंबवलेल्या खारट वाटणात उकळलेला असायचा. मोहिमेवर त्याच दोराने सामान बांधायचं आणि भूक लागली की तुकडा कापून गरम पाण्यात टाकायचा, झालं सार. हे वाचल्यावर तुला राहवेना. गुजराती दुकानातून अळू आणलंस, देठं बॉयलरच्या कपाटात वाळत घातलीस. तुझ्या सुनंदाचे टॉवेल महिनाभर अळूच्या वासाचे होते. मग एका शनिवारी आम्हा सगळ्यांना बोलावून ते सार वाढलंस. माझ्या घशाला जी खाज सुटली ती तू गंभीरपणे बघत होतास.

"चिंच घालायला हवी होती," सुनंदा म्हणाली.

"गेन्सुकेकडे चिंच नव्हती," तू म्हणालास.

"गेन्सुकेकडे बायको होती ना? तिला विचारायचं होतं."

तुझी मुक्ता तेव्हा कार्डिफहून सुट्टीला आली होती. तिने चमचा खाली ठेवला आणि तिच्या त्या खास मराठीत जाहीर केलं, "बाबाची डोकं फिरला आहे." तू तिच्या वाक्यातलं लिंग सुधारायला गेलास आणि आम्ही सगळे इतके हसलो की तुझा धडा बुडाला.

याच जेवणात तू छाटलेल्या मुंडक्यांबद्दल सांगायला लागलास. लढाई संपल्यावर ती धुऊन, केस विंचरून धन्यापुढे मांडायची, तेव्हा ती आणणाऱ्या नोकराचं नाव घेतलं जायचं. सुनंदाने पोळ्यांचा डबा आपटला. तू विषय बदललास, पण भांडी घासताना मला हळूच म्हणालास, "बघ ना, त्या माणसाचं नाव मोठ्याने उच्चारलं जाण्यासाठी काय आणून द्यावं लागायचं." हे वाक्य मी नाटकात घातलं. लोकांना ते माझं वाटलं. तू कधी कुणाला सांगितलं नाहीस.

तू मला सरदार म्हणायला लागलास, तेही तिथूनच. आमच्या घरी दसऱ्याला एक तलवार पुजतात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वरच्या खिळ्यावर टांगलेली असते. आमचा एक पूर्वज आपल्या सरदाराच्या घोड्याशेजारी उभा राहून मेला, असं वडील सांगत आले. मी ते अभिमानाने सांगितलं. मला वाटलं, तुला आवडेल. तू बराच वेळ भात कालवत बसलास.

"त्याच्यामागे कोण होतं घरी?"

"माहीत नाही."

"तलवार सांभाळलीत, आणि हे कुणी सांगितलं नाही?"

मला राग आला. तुलाही आला असेल, पण तुझा राग नेहमी सावकाश यायचा. कार्यक्रमाच्या आधी, चिलखताच्या पट्ट्या कापताना तो आला. तुझ्या गॅरेजमध्ये आपण जुन्या योगा मॅटचे तुकडे करत होतो आणि मी म्हणालो, शेवट बदलायला हवा. तू लिहिलेल्या शेवटात गेन्सुके लढाई सोडून घरी जायचा. मला वाटत होतं, लोक इतका वेळ बसणार ते असलं काहीतरी बघायला नाही. त्याने नदी पायी ओलांडता येते त्या उतारावर उभं राहून, धनी पलीकडे सुखरूप पोचेपर्यंत शत्रूला अडवावं आणि तिथेच मरावं.

"का?" तू विचारलंस.

"कारण तो सामुराई आहे. निष्ठा हाच तर विषय आहे."

"निष्ठेसाठी मरा असं सांगणारे ग्रंथ बहुतेक लढाया संपल्यावर लिहिलेत, सरदार. प्रत्यक्ष लढायांच्या काळात लोक धनी बदलत होते. म्हणून तर धनी त्यांच्या आया आणि पोरं स्वतःच्या किल्ल्यात ठेवून घ्यायचे. ओलीस. एवढी निष्ठा रक्तात असती तर म्हातारीला कोंडायची काय गरज होती?"

मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीतली भव्यता काढून घेतोस. तेव्हा तू कात्री खाली ठेवलीस आणि तुझ्या पणजोबांबद्दल सांगितलंस, पहिल्यांदा आणि एकदाच. पिढ्यान्‌पिढ्या गावाची रखवाली करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची, आणि त्या बदल्यात उरलंसुरलं घ्यायचं. गाव म्हणायचं, किती इमानी माणसं. एका सकाळी ते बायकोला आणि लेकरांना घेऊन निघाले, नागपूरला आले आणि गिरणीत लागले. गावाने त्यांना बेइमान म्हटलं.

"तुझा पूर्वज धन्याजवळ उभा राहिला, त्याची तुम्ही पूजा करता," तू म्हणालास. "माझा निघून गेला. तो निघाला नसता तर मी तुझ्यासमोर बसून ही मॅट कापत नसतो. मलाही कुणाची तरी आठवण काढावीशी वाटते रे."

तू पुन्हा कात्री उचललीस आणि म्हणालास, "पण दिग्दर्शक तू आहेस. तुझा शेवट करू." आणि सगळ्या तालमींत तू माझा शेवट अगदी मन लावून केलास. इतका सुंदर मरायचास की देशपांडेकाकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग तो प्रयोग. धनी मी, गेन्सुके तू. मागे पडद्यावर जळणारा किल्ला, पुढे निळ्या कापडाची नदी. मी माझं वाक्य म्हणालो, "गेन्सुके, मी पलीकडे पोचेपर्यंत हा उतार सोडायचा नाही." तू "आज्ञा, धनी" म्हणायचं होतं. तू मान वर केलीस.

"धनी, माझी आई तुमच्या किल्ल्यात आहे. किल्ला जळतोय. तिला कुणी बाहेर काढलं का?"

विनय, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की तो किल्ला मी फक्त दिसायला छान म्हणून पेटवला होता. त्यात एक म्हातारी बसली आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तू उत्तराची वाट बघत होतास. खरोखर वाट बघत होतास, नाटकातली नाही. मी काहीही बोलू शकलो असतो. धनी आहे मी, खोटं बोललो असतो तरी शोभलं असतं. पण तुझ्या चेहऱ्याकडे बघून तोंडातून निघालं, "नाही."

"मग मला जायला हवं."

तू पाठीवरचं निशाण सोडवलंस आणि माझ्या हातात दिलंस. कमरेत वाकून नमस्कार केलास, पूर्ण मान देऊन. मग पायऱ्या उतरून, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालत फायर एक्झिटमधून थेट कार पार्कात गेलास. थंड हवेचा झोत आत आला. पडदा ओढणारे जोशी तुझ्या मरणाची वाट बघत दोर धरून उभे, त्यामुळे पडदा पडेचना. मी निशाण धरून नदीत उभा. आणि मग मागच्या रांगेतून एका बाईने टाळी वाजवली. तुझ्या विहारातल्या कांबळेबाई. एकटीच वाजवत राहिली, आणि मग हळूहळू सगळा हॉल.

कार पार्कात तू चिलखतासकट थरथरत उभा होतास, थंडीने.

"माझं नाटक मोडलंस तू."

"मी फक्त विचारलं. उत्तर तू दिलंस."

"तालमीत का नाही विचारलंस?"

"तालमीत तू विचार करून उत्तर दिलं असतंस."

त्यानंतर आपण किती तरी आठवडे बोललो नाही. मंडळात दोन पक्ष पडले, जणू खरंच लढाई झाली. कुणी म्हणे शेवट क्रांतिकारक, कुणी म्हणे फजिती. देशपांडेकाका दोन्हीकडे चहा पीत होते.

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी हॅरोला मामेबहिणीकडे होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, ती म्हणाली. मी मिळेल ती गाडी पकडून परतलो आणि स्टेशनवरून सरळ तुझ्या घरी आलो. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "सरदार, जोडे बाहेर काढ, तिने आत्ताच कार्पेटवर हूवर फिरवलाय." समेट वगैरे आपण केलाच नाही. त्यासाठी मी तुझा ऋणी आहे.

केमोला तुला मी न्यायचो. तू ज्या हॉस्पिटलात काम करायचास त्याच हॉस्पिटलात, त्यामुळे नर्स येता-जाता तुला कॉम्प्युटर का अडकला ते विचारायच्या आणि तू हाताला सुई असताना त्यांना पासवर्ड बदलायला शिकवायचास. एकदा तर मांडीवर लॅपटॉप घेऊन कसलं तरी अपडेट करत बसलास. मला संधी मिळाली.

"काय रे, गेन्सुके? आता का नाही उतार सोडून जात?"

तू हसलास. त्या दिवसांत हसायलाही तुला श्रम पडायचे. "यांनी माझ्या आईला कोंडलेलं नाही. मी माझ्या मर्जीने बसलोय. तू नाही का येऊन बसत?"

याचं उत्तर आता देतो. हो, माझ्या मर्जीने. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्या पांचट चहाबरोबर मी सुखात होतो, विनय.

एक गोष्ट तुला अजिबात खपायची नाही. लोकांचे मेसेज यायचे, तू योद्धा आहेस, लढत राहा. तू फोन माझ्यापुढे धरायचास. "मला लढाईची माहिती आहे रे. हे तसलं काही नाही. मी इथे पडून सुईकडे बघतोय, लढतेय ती औषधाची पिशवी." एका भल्या गृहस्थाने तुला सामुराईचं चित्र पाठवलं, खाली कधीही शरण जाऊ नकोस असं काहीतरी. तू त्याला उत्तर लिहिलंस, "त्यांच्यातले पुष्कळ जण शरण जायचे आणि नंतर चांगली शेती करायचे. धन्यवाद."

आणि मग तो मंगळवार. डॉक्टरांनी समजावलं की अजून एक प्रकारचं औषध आहे, थोडा वेळ मिळेल, पण शक्ती जाईल. तू म्हणालास, नको. मला नागपूरला जायचंय, आईजवळ, हातपाय चालताहेत तोवर. गाडीत मी तुझ्याशी वाद घातला, जिवाच्या आकांताने. अजून एक औषध, अजून थोडं थांब. मुक्ताची परीक्षा होऊ दे. काहीतरी नवीन निघेल.

"कुणासाठी थांबू?"

"माझ्यासाठी थांब ना!" मी ओरडलो. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता.

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. इतका हलका झाला होता तो हात. "तुझ्यासाठी परत येतो," म्हणालास. "पण आधी जाऊन येऊ दे."

बर्मिंगहॅमच्या विमानतळावर तुला आणि सुनंदाला मीच सोडलं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला तू अळूच्या दोरीबद्दल सांगत सांगत आत गेलास, वळून न बघता. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला तुझा राग आला होता आणि तुझा इतका अभिमान वाटत होता की दोन्ही एकदम कुठे ठेवावेत कळेना.

परत आलास. शब्द पाळलास. चेहऱ्यावर ऊन होतं, अंगात काही उरलं नव्हतं. शेवटचे दिवस तुझ्याच पुढच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर, मुक्ता उशाशी, सुनंदाचा हात हातात. मला म्हणालास, "बोल काहीतरी." आणि मी मूर्खासारखा कौन्सिलने कचऱ्याचे बिन उचलण्याचा वार बदलला त्याबद्दल बोललो. तू डोळे मिटून नीट ऐकलंस.

क्रिमेटोरियममध्ये भंतेंनी त्रिशरण म्हटलं, आम्ही पाठोपाठ. मग देशपांडेकाका बोलायला उभे राहिले. भला माणूस, त्यांना रडू आवरत नव्हतं. "आपला विनय," ते म्हणाले, "शेवटच्या श्वासापर्यंत लढला..." आणि मुक्ता उठून उभी राहिली.

"सॉरी काका," ती म्हणाली. "बाबा नाही लढली. बाबाला तो शब्द नाही आवडत होती. बाबाला घरी जायचा होता. तो गेला. आजीला भेटला. मग आमच्याकडे घरी आला. तो घाबरला नव्हता. मी होती तिथे."

कुणी तिचं मराठी सुधारलं नाही. देशपांडेकाका तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे, बाळ. मी चुकलो. तो घरी गेला." माइक त्यांच्या हातात तसाच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

गेल्या रविवारी मी तुझ्या आईला फोन केला. नंबर सुनंदाने दिला. मी माझं नाव सांगितलं, ओळख द्यायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "माहीत हाय मला. पुण्याचा ना तू?" मला कुठून सुरुवात करावी कळेना, आणि मी रडायला लागलो.

"काऊन रडून राहिला रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "आला होता ना तो. जेवला, अंगणात बसला, माझ्याजवळ झोपला. लहान होता तसा."

मी विचारलं, काही बोलला का.

"मी विचारलं त्याला, इतके वर्षं तिकडं काय करून राहिला होता रे तू? हसला. म्हणे, आई, काम करत होतो, आणि एका मित्राशी भांडत होतो. मी म्हटलं, मग मिटवून टाक ना बापा, जायच्या आधी. तं म्हणे, नाही मिटवत. ते राहू दे. त्याच्यासाठीच परत जातो."